सुलीचा खराटा

उजाडायच्या आधी नेरेइदाला जाग आली आणि तिचा हात सवयीने दारामागे गेला. तिथे काही नव्हतं. खराटा जाऊन आठवडा होत आला होता, पण हाताला ते अजून कळलं नव्हतं. हात तसाच भिंतीला टेकवून ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग कॉफीचं आधण ठेवायला वळली.

काहुइलेस वस्तीत बाईची किंमत तिच्या अंगणावरून ठरते. घर पत्र्याचं असो, फळ्या किडलेल्या असोत, नवरा कुठे का दिवे लावत असेना, सूर्य वर यायच्या आत अंगण झाडलेलं हवं आणि मातीवर खराट्याच्या रेघा दिसायला हव्यात. ज्या बाईच्या अंगणात उन्हं आल्यावरही आंब्याची पानं पडलेली दिसली, तिचं चारित्र्य कोपऱ्यावरच्या दुकानात दुपारच्या आत निकालात निघायचं. नेरेइदाबद्दल मात्र कधी कुणाला ब्र काढता आला नाही. "नेरेइदाच्या अंगणात भात सांडला तर तसाच उचलून खावा," असं लोक म्हणायचे, आणि ती लाजल्यासारखं करायची. आता ते वाक्य आठवलं तरी तिला काही वाटत नव्हतं.

वस्तीच्या टोकाला गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा कारखाना होता. तो बंद पडला, मालक सटकला, धुराडं गंजलं. शिसं तेवढं मातीत राहिलं. वस्तीतली पोरं पोट धरून रडायला लागली, शाळेत आलेली अक्षरं विसरायला लागली, तेव्हा कुठे वरून माणसं आली आणि त्यांनी पोरांची रक्तं तपासली. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. नेरेइदाच्या पाच वर्षांच्या सुलेइकाचं, म्हणजे सुलीचं रक्त तपासून डॉक्टर म्हणाला, "या पोरीला या घरात ठेवू नका. कुठेही पाठवा, पण इथून हलवा."

सुली नाताळाच्या आधी डोंगरात गेली. नेरेइदाचा नवरा एलिहियो, त्याची बहीण ओनेलिया तिकडे राहायची. एलिहियोने आपल्या मोटारसायकलवर, ज्या मोटारसायकलवर तो दिवसभर वस्तीतली गिऱ्हाइकं बसस्टॉपवर पोचवायचा, त्याच मोटारसायकलवर पोरीला बसपर्यंत नेलं. सुली रडली नाही. नेरेइदाही रडली नाही, आणि त्यानंतर तिला रडायचं असतं हेच आठवेनासं झालं.

आता त्यांच्या घराचा नंबर आला होता. अंगणातली माती हातभर खोल काढायची, खड्ड्यात नारिंगी जाळी अंथरायची, म्हणजे पुढे कुणी खणायला गेलं तर तिथे थांबेल, आणि वर डोंगरातून आणलेला स्वच्छ पांढरा मुरूम टाकायचा. काम संपलं की घरातली धूळ ओल्या फडक्यावर टिपून प्रयोगशाळेत जाणार. धूळ चांगली निघाली की सुली घरी. सगळं नीट झालं तर ईस्टरला पोर आईजवळ. नेरेइदाचा जीव या एका गोष्टीला टांगला होता. म्हणजे टांगलेला असणार, कारण तिला स्वतःला त्याचा काही पत्ता लागत नव्हता.

हे असं कधीपासून झालं ते मात्र तिला नेमकं ठाऊक होतं.

काम सुरू व्हायच्या आधी चर्चच्या मांडवात बायकांची सभा झाली होती. राजधानीतून आलेली इवेलिस नावाची तरुण इंजिनिअर बाई समोर उभी राहून नियम सांगत होती. पोर शिकलेली होती, पण चढेल नव्हती; उन्हात नाक सोललं होतं तिचं.

"खिडक्यांना आतून प्लॅस्टिक लावायचं. जोडे दाराबाहेर. फरशी रोज ओल्या फडक्याने, दोन बादल्या घेऊन, एकीत धुवायचं, एकीत पिळायचं. आणि बायांनो, कोरडं झाडायचं नाही. घरात नाही, अंगणातही नाही."

"म्हणजे घाण तशीच ठेवायची?" फेफा ओरडली. फेफा नेरेइदाची शेजारीण आणि सुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. "माझी सासू थडग्यातून उठून येईल हो इंजिनिअर बाई! जिवंतपणी एवढी छळली, आता मेल्यावर तरी निजू द्या तिला."

बायका हसल्या. इवेलिसही हसली.

"खराट्याने धूळ जात नाही, मावशी. धूळ उठते. तुमच्या गुडघ्यापर्यंत उठते आणि मग बसते. तुमच्या गुडघ्यापर्यंत म्हणजे लहान मुलाच्या नाकापर्यंत."

पुढचं नेरेइदाला ऐकू आलं नाही. तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं. सगळ्याच बायका झाडत होत्या. पण सगळ्यांच्या पोरी मागे मागे झाडत नव्हत्या.

सुली चालायला लागली तेव्हापासून पहाटे आईच्या मागे यायची. रिकाम्या हाताने आली की खराट्याला लोंबकळायची, म्हणून नेरेइदानेच ताडाची चार पाती बांधून, पेरूच्या काठीला लावून तिला छोटा खराटा करून दिला होता. काठीला लाल दोरा. पुढे आई, मागे सुली. आई धूळ उडवणार आणि पोर त्या धुळीतून चालत, जीभ बाहेर काढून, आईच्या रेघांवर आपल्या रेघा ओढणार. अख्ख्या वस्तीला त्याचं कोण कौतुक! "आत्ताच हिला नवरा शोधून ठेव," फेफा म्हणायची, "एवढी झाडणारी पोर घरात ठेवू नये."

आणि नेरेइदाची आई, तिकडे गावाकडे, झाडायच्या आधी पाणी शिंपडायची. ओढ्याचं पाणी, डब्यातून, हाताने. मातीचा वास यायचा. नेरेइदा लग्न होऊन वस्तीत आली तेव्हा इथे पाणी टँकरने यायचं आणि पिंपात मोजून राहायचं. पिंपातलं पाणी जमिनीवर फेकणारी बाई वस्तीने वेडी ठरवली असती. म्हणून शिंपण गेलं आणि झाडणं राहिलं. तेव्हा तिला ती अडचणसुद्धा वाटली नव्हती.

सभेतून घरी येऊन तिने भात टाकला, केळी कुस्करली, सलामी तळली, एलिहियोला वाढलं. हातावर झोपलं की हाताला मुंग्या येतात आणि मग तो आपला नाहीच असा होतो, तसं तिचं आतलं सगळं झालं होतं. एलिहियो काहीतरी सांगत होता. ती "हो" म्हणत होती.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी धूळ धरून ठेवणाऱ्या वस्तू न्यायला गाडी आली. गादी गेली. पडदे गेले. कोपऱ्यातली विणलेली खुर्ची गेली. सुलीचा कापडी कुत्रा गेला, ज्याचा एक कान तिने चघळून चघळून संपवला होता. नेरेइदाने स्वतःच्या हाताने तो पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड बांधलं. दारामागचा मोठा खराटाही तिने आणून दिला.

"बरं झालं," फेफा म्हणाली. "नव्या घरात जुना झाडू नेत नाहीत. जुनी साडेसाती मागे येते."

"हो," नेरेइदा म्हणाली.

छोटा खराटा तिने दिला नाही. का दिला नाही असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारलंच नाही. सकाळीच तिने तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पलंगाखाली, अगदी भिंतीकडे, बॅगांच्या मागे सरकवला होता. एवढासा खराटा. चार पाती आणि एक काठी. तो धूळ धरणाऱ्या वस्तूंत मोजावा असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

मग पांढऱ्या कपड्यातली, तोंडाला मुसक्या बांधलेली माणसं आली आणि त्यांनी अंगण उघडलं.

त्या दिवसांत घर म्हणजे भट्टी होती. लाकडी पट्ट्यांच्या खिडक्यांवर प्लॅस्टिक, वर पत्रा, आणि दुपारी लाइट गेली की पंखाही बंद. नेरेइदा सकाळी पुसायची, दुपारी पुसायची, संध्याकाळी पुसायची. फडकं भिजव, पिळ, पूस, धू. फडकं काळं निघायचं, मग राखाडी, मग कमी राखाडी. खिडकीच्या एकेका पट्टीच्या खाचेत ती बोटाने फडकं घालायची. तिला कंटाळा येत नव्हता, समाधान होत नव्हतं. हात चालत होते.

बाहेर मजूर माती खणायच्या आधी तिच्यावर नळीने पाणी मारत होते, माती ट्रकमध्ये चढवताना पुन्हा पाणी मारत होते, ट्रकवर ताडपत्री बांधून वर आणखी पाणी मारत होते. टँकरच्या टँकर रिकामे होत होते. वस्तीला प्यायला पाणी हवं असायचं तेव्हा हाच टँकर आठवड्याने उगवायचा आणि बायका भांडून भांडून पिंपं भरायच्या. आता तेच पाणी मातीला फुकट मिळत होतं. नेरेइदा प्लॅस्टिकमागून बघत राहायची. धूळ उठत नव्हती. एवढं सोपं होतं ते.

जोड्यांच्या नियमाने मात्र वस्तीला नाकी नऊ आणले. तिथे माणूस अनवाणी होतो तो झोपताना, नाहीतर शवपेटीत घालताना. फेफा घेवड्याची गोड खीर घेऊन आली. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत ही खीर घरोघर फिरते आणि जिने पाठवली नाही तिचं नाव निघतं. दारात नेरेइदाने तिला अडवलं.

"चपला."

"काय?"

"चपला बाहेर काढ, कोमाद्रे."

"आत्ताच इस्त्री करून आलेय मी! गरम अंगाने गार फरशीवर पाय ठेवला की तोंड वाकडं होतं. माझ्या मावशीचं झालं. मेली तोवर एका बाजूने हसत होती." पण फेफाने चपला काढल्या, हातात धरल्या आणि तशीच आत निघाली. नेरेइदाने चपला तिच्या हातातून घेऊन बाहेर ठेवल्या आणि खाली बसून ओल्या फडक्याने तिचे पाय पुसले.

आपले पाय दुसऱ्या बाईच्या हातात बघून फेफाचे डोळे भरले. "अगं, हे फादर करतात, पवित्र गुरुवारी," ती पुटपुटली.

"दुसरा दे," नेरेइदा म्हणाली.

एलिहियोने मोटारसायकल फेफाच्या घरी ठेवली होती आणि तो अंगणातच मजुरांच्या मधे उभा राहायचा, आंब्याच्या मुळाशी फावडं लागू नये म्हणून. मुळांभोवतीची माती माणसांनी खुरप्यांनी काढली. त्या दुपारी फोन वाजला. फोन आत, पलंगाजवळ चार्जिंगला होता. ओनेलिया आठवड्यातून एकदाच फोन करायची, डोंगरात रेंज मिळेल तेव्हा. एलिहियो धावला. चिखलाने भरलेल्या बुटांसकट धावला, दारातून, बाहेरच्या खोलीतून, थेट पलंगापाशी.

"सुली? सुली, बाळा, पप्पा बोलतोय!"

नेरेइदा बादलीपाशी बसली होती. तिने बूट बघितले. एलिहियोने खाली बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याचा चेहरा पडला. पण फोन कानाला होता. त्याने तो तिच्याकडे दिला.

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. सुलीला शब्द शोधायला वेळ लागायचा.

"आई."

"बोल."

"झाडलंस?"

नेरेइदाने खिडकीवरच्या प्लॅस्टिककडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

"माझं पण?"

"तुझं पण."

मग रेंज गेली. तिने फोन ठेवला, बुटांचे ठसे पुसले, मग त्यांच्या भोवती पुसलं, मग सगळी खोली पुन्हा पुसली. एलिहियो दाराबाहेर बूट हातात घेऊन उभा होता आणि "चुकलं गं, चुकलं," म्हणत होता. ती म्हणाली, "ठीक आहे."

पांढरा मुरूम आला, पसरला, दाबला. अंगण ओळखू येईना. इवेलिस हातमोजे घालून आली, तिने ओल्या फडक्यांनी चौकट, स्वयंपाकघराची फरशी, पलंगाच्या पायाजवळची फरशी टिपली, फडकी नळ्यांत घातली आणि गेली. त्या आठवड्यात एलिहियो रोज दाढी करायला लागला. कोपऱ्यावरच्या दुकानात त्याने सांगून टाकलं, ईस्टरला पोर येणार.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी इवेलिस आली. दारात तिने आपणहून बूट काढले. तेव्हाच नेरेइदाला कळलं, बातमी चांगली नाही.

"बाहेरची खोली चांगली आहे. स्वयंपाकघर तर इतकं चांगलं, की माझ्या घरी एवढं निघणार नाही." तिने हातातला कागद उलटला. "पलंगाजवळ मात्र फार निघालं. म्हणजे खूपच. मला कळत नाही कुठून. जोडे घालून कुणी आत गेलं होतं का?"

एलिहियोने हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"फोन आला होता," तो म्हणाला. "सुलीचा."

इवेलिसने ते वहीत लिहून घेतलं. पुन्हा सगळं स्वच्छ करायचं, पुन्हा तपासायचं. ईस्टरला पोर येणार नाही, एवढं तिने सांगितलं, आणि जाताना एलिहियोच्या खांद्याला हात लावला. नेरेइदा चुलीजवळ उभी होती. पलंगाजवळ, असं ती बाई म्हणाली तेव्हाच तिच्या डोळ्यांसमोर अभ्रा आला होता. तोंड उघडलं की सांगून होणार होतं. तिने तोंड उघडलं नाही.

एलिहियोने जेवण सोडलं. फेफाने त्याला सोलून काढलं. "अरे बैला! बूटच कशाला, नांगर घेऊन आत जायचं होतंस ना! आठ दिवस माझ्यासारखीला अनवाणी नाचवलं तुमच्या घराने, आणि तू? पोरीचा बाप ना तू?" एलिहियो ऐकून घ्यायचा. आधी तो असं कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. बूट घेऊन आंब्याखाली बसायचा आणि ब्रशने घासायचा. घासून झाले की पुन्हा घासायचा. नेरेइदा खिडकीतून बघायची. नवऱ्याचा जीव तिच्या डोळ्यांदेखत कुरतडला जात होता, आणि तिला लाजसुद्धा वाटत नव्हती. लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कळावं तसं.

गुड फ्रायडेला वस्तीत कुणी खिळा ठोकत नाही, कपडे धूत नाही, झाडत तर मुळीच नाही. रस्ता सुन्न पडलेला होता, दुकानातला रेडिओही बंद. दुपारी नेरेइदा पलंगाखाली शिरली. बॅगा सरकवल्या. अभ्र्याच्या विणीतून झिरपलेली पिठासारखी राखाडी रेघ फरशीवर पडली होती, भिंतीपासून पलंगाच्या पायापर्यंत. बॅगा काढताना-ठेवताना, रोज पुसताना तिनेच ती पसरवली होती. फडकं घेऊन ती रोज त्या पलंगाभोवती फिरली होती, पलंगाखाली फडकं तेवढं घातलं नव्हतं.

ओल्या फडक्यात धरून तिने अभ्रा बाहेर नेला आणि एलिहियोच्या पुढ्यात ठेवला.

"काय आहे?"

"सुलीचा खराटा."

अभ्र्यातून काठीचं टोक आणि लाल दोरा दिसत होता.

"कुठे होता?"

"पलंगाखाली. पहिल्या दिवसापासून."

त्याने हातातला बूट हळूच खाली ठेवला. "सोमवारपासून मी जेवलो नाहीये, नेरे."

"माहीत आहे."

"माहीत आहे?" तो उठला. "फेफा मला बैल म्हणत होती, तू तिथे कांदा चिरत होतीस! मी पोरीला फोनवर सांगितलं, पप्पाच्या बुटांमुळे तुला येता येत नाही. तू बाजूला उभी होतीस!"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलता आलं नाही."

"आणि हे ठेवलंस कशाला? सगळं द्यायला सांगितलं होतं ना!"

"गादी दिली. कुत्रा दिला," नेरेइदा म्हणाली. "तिने हातात धरलेलं एवढंच राहिलं होतं." मग तिच्या तोंडून ते निघालं, कॉफी झाली आहे असं सांगावं तशा आवाजात. "तिला शिसं मी दिलं, एलिहियो. कारखान्याने मातीत टाकलं. मातीतून तिच्या नाकात मी घातलं. रोज पहाटे. तिला हौसेने मागे घेऊन."

एलिहियोचे हात लोंबत राहिले. त्याचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. "कारखाना तू बांधला नाहीस," शेवटी तो म्हणाला.

वाक्य खरं होतं. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्याने घरातून आणखी एक ओलं फडकं आणलं, खराटा त्यात गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. मग फेफाने सकाळी आणून ठेवलेली घेवड्याची खीर त्याने उभ्याउभ्याच खाल्ली, सगळी, आणि वाडगा तिच्या हातात दिला. "चल," तो म्हणाला. "पलंग बाहेर काढू."

गुड फ्रायडेला त्या दोघांनी घर घासलं. वस्तीने ते पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. फेफाला खरं काय ते कळलं तेव्हा ती नेरेइदाला एक अक्षर बोलली नाही. एलिहियोसाठी मात्र कोंबडी पाठवली, शिजवून.

दुसऱ्या वेळी धूळ चांगली निघाली.

सुली मे महिन्यात आली, ओनेलियाचं बोट धरून, बसमधून. गाल भरले होते, केस डोंगरातल्या पद्धतीने घट्ट बांधले होते. तिने आईकडे पाहिलं आणि आत्याच्या मागे सरकली. मग थोड्या वेळाने पुढे आली. नेरेइदाने तिला उचललं. पोर जड झाली होती. नेरेइदा वाट बघत राहिली की आता आत काहीतरी हलेल. सुलीच्या केसांना परक्या साबणाचा वास येत होता.

दिवसभर लोक येऊन गेले. ओनेलियाने हळूच सांगितलं, शाळेतली अक्षरं गेली आहेत; आकडे दहापर्यंत यायचे, आता चारनंतर अडखळते; गाईचं नाव रोज विसरते. डॉक्टर म्हणतात थोडं परत येईल, सगळं नाही. "पण गुणी आहे," ओनेलिया म्हणाली. "त्रास म्हणून नाही." सुलीने कुत्रा मागितला नाही, काहीच मागितलं नाही. नव्या गादीवर आडवी झाली आणि झोपून गेली.

पहाटे नेरेइदाला जाग आली ती आवाजाने. खर्र. खर्र. थांबून, पुन्हा खर्र.

अंथरुणात सुली नव्हती. दार उघडं होतं.

पांढऱ्या अंगणात, उजाडता उजाडता, सुली आंब्याची मोडकी डहाळी दोन्ही हातांनी धरून झाडत होती. जीभ बाहेर. अक्षरं विसरली होती, आकडे विसरले होते, गाईचं नाव राहत नव्हतं. हे विसरली नव्हती. दारापासून आंब्यापर्यंत रेघा सरळ आल्या होत्या, आणि तिच्या पायांशी मुरमाची बारीक पांढरी धूळ उठत होती, तिच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत.

माती स्वच्छ आहे, हे नेरेइदाला माहीत होतं. तिने स्वतः पाहिली होती ती पसरताना. तरी ती पिंपाकडे धावली. तिने पिंपाचं झाकण काढलं, डबा बुडवला आणि अंगणात जाऊन सुलीच्या पुढे ओंजळीने पाणी शिंपडलं. धूळ बसली. ओल्या मुरमाचा वास आला.

सुली थांबली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग आईकडे. पिंपातलं पाणी जमिनीवर टाकलेलं तिने जन्मात बघितलं नव्हतं.

"सांडलं?"

"नाही. आधी पाणी टाकायचं, मग झाडायचं."

सुलीने त्यावर विचार केला. शब्द शोधायला तिला वेळ लागत होता. नेरेइदा डबा धरून उभी राहिली.

"आधी का नाही टाकलं?" सुलीने विचारलं.

त्यात तक्रार नव्हती. पोरीला जाणून घ्यायचं होतं, एवढंच. नेरेइदाने तोंड उघडलं आणि आतून काहीतरी सुटलं. इतके महिने कुठे होतं कोण जाणे, ते सगळं एकदम वर आलं, आणि ती अंगणाच्या मधोमध उकिडवी बसून रडायला लागली, मोठ्याने, फळ्यांपलीकडे फेफाला ऐकू जाईल असं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सुले, माझं चुकलं गं."

सुलीने मान हलवली, ठीक आहे म्हणावं तशी. तिने डहाळी पुन्हा दोन्ही हातांत घट्ट धरली आणि पायाच्या बोटाने पुढची कोरडी जागा दाखवली.

"मग इथे टाक," ती म्हणाली. "इथे पण."

नेरेइदाला नीट दिसत नव्हतं. ती उठली, पिंपापाशी जाऊन डबा भरून आणला, आणि सुली दाखवेल तिथे पाणी टाकत तिच्यापुढे चालू लागली.